आकडा सारखा, रक्त वेगळं

उंदरांच्या दारूच्या प्रयोगात चौथा दिवस निर्णायक. पहिले तीन दिवस दिवे मालवून तीन तास झाले की पाण्याची बाटली काढायची आणि २० टक्के इथेनॉलची नळी दोन तास लावायची. चौथ्या दिवशी तीच नळी चार तास, आणि ती काढल्याबरोबर रक्त. खोलीतली दिवसरात्र उलटी केलेली असते, त्यामुळे हे सगळं भर दुपारी लाल दिव्यात चालतं.

त्या चौथ्या दिवशी सी-५७ ब्लॅक-६ जातीच्या दोन माद्यांचे आकडे लागोपाठ आले. एक प्रौढ, २० ग्रॅमची. दुसरी जेमतेम महिन्याची, १४ ग्रॅमची. प्रौढ मादीची नळी ०.८ मिलि उतरली, लहान मादीची ०.६. उंदीर नसलेल्या कोऱ्या पिंजऱ्यातली नळी ०.१ गळली होती, ती वजा केली. एक मिलिलिटर द्रावणात इथेनॉल ०.१५८ ग्रॅम, त्यावरून हिशोब: प्रौढ ५.५ ग्रॅम प्रति किलो, लहान ५.६. तक्त्यात दोघी जुळ्या बहिणी शोभल्या असत्या. रक्तात मात्र प्रौढ मादी ८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या अतिमद्यपानाच्या रेषेच्या बरीच वर आणि लहान मादी जवळपास कोरी.

आता नळीबद्दल, कारण सगळं घोडं तिथेच अडतं. १० मिलिची पिपेट दोन्ही टोकांना कापायची, खाली आत गोळी असलेला स्टीलचा स्पाउट बसवायचा, वर बूच. उंदराने चाटलं की गोळी सरकते आणि थेंब येतो. बूच किंचित जरी सैल असलं तरी गळती. द्रावणावर हवेची पोकळी मोठी राहिली आणि खोली थोडी तापली, तर हवा फुगून थेंब बाहेर ढकलते. म्हणून नळी काठोकाठ भरायची. टांगताना सुरुवातीचे थेंब पडतातच. बुडबुडा वर जाऊन पातळी थांबली की मगच पहिलं रीडिंग. भुसा किंवा घरट्याचा कापूस स्पाउटला टेकला, तर वातीसारखा अर्धी नळी शोषून घेतो.

पिपेटवरची एक रेघ म्हणजे ०.१ मिलि. २७ ग्रॅमच्या प्रौढ नरात एका रेघेची चूक म्हणजे ०.६ ग्रॅम प्रति किलो, २० ग्रॅमच्या मादीत ०.८, १४ ग्रॅमच्या पिल्लात १.१. माद्या नरांपेक्षा जास्त पितात, किशोरवयीन प्रौढांपेक्षा जास्त पितात, हे निष्कर्ष अनेक प्रयोगशाळांतून पुन्हा पुन्हा आले आहेत आणि ते मला खरे वाटतात. पण गळतीही नेमकी त्याच दिशेने झुकते, आणि याची धास्ती सगळ्यांनी घ्यायला हवी. रक्त न तपासता नुसते ग्रॅम प्रति किलो छापणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही.

मग त्या लहान मादीचं काय झालं? पहिली शक्यता, सांडलं. कोऱ्या पिंजऱ्यात उड्या मारणारं कुणी नसतं, या वयाची पिल्लं मात्र जाळीला सारखे धक्के देतात. भुसा कोरडा होता, पण चार तासांत तेवढं इथेनॉल उडूनही जातं. दुसरी शक्यता, तिने सगळं पहिल्या तासात प्यायलं. उंदीर माणसापेक्षा फार वेगाने दारू जाळतो, म्हणजे चौथ्या तासाच्या रक्तात ती बरीच कमी दिसेल. ती सरळ चालत होती, यावरून काहीच ठरत नाही. किशोरवयीन उंदीर आणि रॅट (उंदराचे मोठे भाईबंद) दोघांनाही झिंग आणि गुंगी प्रौढांपेक्षा कमी जाणवते, हे जुनं निरीक्षण आहे. रक्त घेण्यातही खोट नव्हती: गालाच्या शिरेतून थेंबभर, त्वचा स्पिरिटच्या बोळ्याने न पुसता, नमुन्याच्या कुपीचं टोपण लगेच घट्ट.

मादीच्या प्रजननचक्राकडे बोट दाखवणारे एक सहकारी होतेच. मादीचं चक्र चार-पाच दिवसांचं. चक्र नैसर्गिक चालू असताना टप्प्याटप्प्याने पिण्यात ठळक फरक सहसा मिळत नाही. शिवाय महिन्याच्या मादीचं चक्र नीट बसलेलंही नसतं. याच सबबीखाली वर्षानुवर्षं माद्यांना प्रयोगातून बाहेर ठेवलं गेलं आणि २०१६ मध्ये अमेरिकेच्या एनआयएचला (राष्ट्रीय आरोग्य संस्थेला) दोन्ही लिंगांचा विचार सक्तीचा करावा लागला. चक्राचा टप्पा ओळखायला योनीतून स्मीअर (पेशींचा नमुना) घ्यायचाच तर पिण्याच्या वेळेनंतर घ्यावा, आणि नरांनाही तेवढंच हाताळावं, नाहीतर हाताळणीचा ताण लिंगभेद म्हणून मोजला जातो.

वयाच्या तुलनेतली अडचण याहून मोठी. २१व्या दिवशी पिल्लू आईपासून तोडायचं, २८ ते ४२ दिवस ही किशोरावस्था. उलट्या दिव्यांची आणि एकट्या पिंजऱ्याची सवय व्हायला प्रौढाला दोन आठवडे देता येतात, पिल्लाला जेमतेम एक. एकटेपणाचा ताण याच वयात जास्त बोचतो. त्यामुळे 'लहान वय' या रकान्यात वय किती आणि एकटेपण किती, हे वेगळं काढणं फार अवघड.

त्या मादीला सरासरीतून वगळावं, असा आग्रह झाला. मी वगळलं नाही. वगळण्याचा नियम प्रयोगाआधी लिहिलेला नव्हता आणि आकडे बघून तो लिहिणं मला मान्य नाही. तिची नोंद रक्ताच्या आकड्यासकट तक्त्यात आहे. आता चौथ्या दिवशी दर अर्ध्या तासाला रीडिंग घेते, स्पाउटखाली टीपकागद लावलेली बशी ठेवून ती लगेच तोलते, आणि कोऱ्या पिंजऱ्यांतल्या काही नळ्यांना हाताने धक्के देते. पहिल्या तासात भराभर पिणारी पिल्लं दिसू लागली आहेत, बशीत थेंबही सापडतात. तिच्या बाबतीत यातलं कोणतं खरं, ते त्या दोन रीडिंगमधून निघत नाही.