जहाज बंदराला लागलं, मग माल कुठंय?

फ्रेट फॉरवर्डिंगमध्ये, म्हणजे लोकांचा माल जहाजाने-विमानाने पाठवून द्यायच्या धंद्यात, काम करते त्यामुळे हा प्रश्न सारखा ऐकते. ट्रॅकिंगवर व्हेसल आलेलं दिसतं, क्लायंटला वाटतं आता माल हातात येईल, आणि मग दिवस जातात आणि कंटेनर काही हलत नाही. चिडणं अगदी बरोबर आहे. बहुतेकांना वाटतं उशीर होतो तो समुद्रात, वादळ वगैरे, तोही होतो, पण माझ्या मते माल खरा रखडतो तो जमिनीवर, बंदराच्या यार्डात (कंटेनर रचून ठेवायच्या आवारात) आणि एअरपोर्टच्या कार्गो शेडमध्ये.

जहाजं केवढी झालीत बघा, 400 मीटर लांब, 24,000 टीईयूच्या आसपास (एक टीईयू म्हणजे एका वीस फुटी कंटेनरएवढी जागा). असं एक जहाज आलं की दोन-तीन दिवसांत हजारो कंटेनर धक्क्यावर उतरतात, पण गेट तेवढीच, ट्रक तेवढेच आणि रस्ताही तोच. यार्डात कंटेनर एकावर एक चार-पाच रचलेले असतात आणि तुमचा सगळ्यात खाली असेल तर वरचे सगळे उचलून दुसरीकडे ठेवायचे, मग तुमचा काढायचा, आणि यार्ड गच्च भरलेलं असेल तर ते वरचे ठेवायलाही जागा नसते. 2021 च्या शेवटी अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस-लाँग बीच बंदरांच्या बाहेर शंभराच्या वर जहाजं थांबली होती. फोटो सगळ्यांनी जहाजांचे पाहिले, पण गोदामं भरलेली होती आणि एम्प्टी म्हणजे रिकामे कंटेनर चॅसिसवर (ट्रकला जोडायच्या चाकांच्या सांगाड्यावर) तसेच अडकले होते म्हणून पुढचा माल उचलायला चॅसिसच नव्हत्या.

आणि याचं बिल कोणाला? फ्री डेज, म्हणजे पैसे न लागणारे ठरलेले दिवस, संपले की कंटेनर बंदरात पडून राहिल्याचं डिमरेज, कंटेनर बाहेर काढल्यावर वेळेत परत दिला नाही की त्याचं डिटेन्शन. कधी कधी एम्प्टी परत घ्यायला डेपोच तयार नसतो तरी मीटर चालूच, हे मला सरळसरळ अन्यायाचं वाटतं. अमेरिकेत 2022 च्या कायद्याने निदान एवढं केलं की बिलात ठरलेली माहिती नसेल तर ते भरायचं बंधन नाही. हे सगळीकडे व्हायला हवं.

2023 च्या शेवटी तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यावर जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून जायला लागली, दहा-बारा दिवस जास्त. तेवढं धरून चालता येतं, पण वेळापत्रक विस्कटलं की वेगवेगळ्या आठवड्यांची जहाजं एकाच वेळी बंदरात येतात, आणि परत तेच यार्ड.

मग लोक म्हणतात एअरने पाठवू. वजनाने बघितलं तर जगाच्या व्यापारातला एक टक्कासुद्धा माल विमानाने जात नाही, पण किमतीने साधारण एक तृतीयांश जातो. त्यातला बराचसा पॅसेंजर विमानांच्या पोटात जातो, म्हणून 2020 मध्ये उड्डाणं बंद झाली तशी जागाच गायब झाली. एरवीही पॅसेंजरच्या बॅगा आणि इंधन आधी, वजन जास्त झालं की ऑफलोड होतो तो कार्गो. शिवाय हलका पण मोठा खोका असेल तर पैसे आकारमानाचे लागतात, लांबी-रुंदी-उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 6000 ने भागायचं, येईल ते किलो धरायचे, पॅकिंग करणाऱ्याला हे कोणी सांगतच नाही. लिथियम बॅटऱ्यांचं वेगळंच. 2010 मध्ये दुबईजवळ यूपीएसचं मालवाहू विमान आग लागून पडलं, दोन्ही वैमानिक गेले, आणि त्या विमानात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता. 2016 पासून नुसत्या (उपकरणात किंवा उपकरणासोबत नसलेल्या) लिथियम-आयन बॅटऱ्या पॅसेंजर विमानात कार्गो म्हणून चालत नाहीत. हे नियम कडकच हवेत, मला त्यात सूट मागणारा क्लायंट आला तर मी नाहीच म्हणते.

सगळ्यात जास्त जीव टांगणीला लागतो तो औषधांच्या शिपमेंटला. 2 ते 8 डिग्रीत ठेवायची लस, विमानात ठीक असते, गोदामात ठीक असते, आणि मधे विमानाजवळ उघड्यावर ट्रॉलीवर तासभर उन्हात उभी राहते. म्हणून आता कोटेशन घेतानाच मी ट्रान्झिट एअरपोर्टवर कोल्ड रूम आहे का आणि ट्रॉलीवर थर्मल कव्हर कोण घालणार हे लेखी मागते, समुद्रमार्गे असेल तर फ्री डेज किती आणि एम्प्टी कुठल्या डेपोत परत करायचा तेही.