वेटोळ्याच्या दोन बाजू

व्हायोलिनमधला सगळ्यात बिनकामाचा भाग कोणता, असं कुणी विचारलं तर मी बेधडक स्क्रोल म्हणेन. मानेच्या टोकाचं ते वेटोळं ना सूर देतं, ना तार धरतं. वाद्य टांगून ठेवायला बरं पडतं, इतकंच. सतराव्या शतकातला टिरोलचा कारागीर याकोब स्टाइनर काही वाद्यांवर वेटोळ्याऐवजी सिंहाचं मुंडकं कोरायचा. वादनाचं त्यानं काही अडलं नाही. तरी माझा जीव रमतो तो नेमका याच तुकड्यात.

सुरुवात सोपी असते. मेपलचा काटकोनात रंधलेला ठोकळा घ्यायचा, दोन्ही अंगांना पत्र्याचा नमुना ठेवून कड आखायची आणि वेटोळ्याची रेघ टोचणीनं टिंबाटिंबांनी उतरवायची. इटलीचा नामवंत व्हायोलिन-कारागीर स्त्रादिवारी याच्या कित्येक स्क्रोलवर ही टिंबं आजही दिसतात. एवढा मोठा माणूस, पण ती घासून टाकायच्या भानगडीत पडला नाही! खुंट्यांची भोकं ठोकळा चौकोनी असतानाच पाडून घ्यावीत. बाजू निमुळत्या झाल्या की ड्रिल सरळ धरायला टेकू राहत नाही. मग करवतीनं बाहेरचा आकार, आणि वेटोळ्याभोवती आडवे छेद देत पायरीपायरीनं लाकूड उतरवणं. इथवर सुतारकाम.

गोल पटाशी हातात आली की खेळ बदलतो. लाकडाचे रेषे एकाच दिशेनं धावतात, वेटोळं मात्र फिरत राहतं. आत्ता मऊसूत निघणारी ढलपी चार बोटं पुढे गेलं की टवका होऊन उडायला बघते. तिथे थांबायचं, ठोकळा फिरवायचा, उलट दिशेनं यायचं. त्यात मेपल लाटालाटांचा देखणा असेल तर आणखी पंचाईत, कारण जे डोळ्यांना सुंदर दिसतं तेच पटाशीला छळतं.

आणि हे सगळं दोनदा. एका अंगाला वेटोळं घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, दुसऱ्या अंगाला उलटं. दुसरी बाजू कोरणं म्हणजे आरशात बघून सही करणं. डोकं सांगत असतं की आकार तोच आहे. मनगट ऐकत नाही. जुन्या इटालियन स्क्रोलना समोरून पाहिलं की दोन डोळे, म्हणजे दोन्ही अंगांच्या वेटोळ्यांची मधली टोकं, किंचित वरखाली आढळतात. इटलीचाच दुसरा थोर कारागीर ग्वार्नेरी 'देल जेझू' १७४४ साली वारला. त्याच्या शेवटच्या वर्षांतल्या वेटोळ्यांवर तर पटाशीचे घाव उघडे आहेत आणि दोन बाजू एकमेकींशी भांडल्यासारख्या. मला ती आवडतात. मशीननं कापलेल्या, दोन्हीकडे तंतोतंत जुळणाऱ्या स्क्रोलमध्ये चूक शोधून सापडत नाही, पण दुसऱ्यांदा बघावंसंही वाटत नाही.

एकोणिसाव्या शतकात वादनाची गरज बदलली आणि जुन्या वाद्यांना लांब माना बसवायची लाट आली. माना गेल्या, पण कारागिरांनी जुनी डोकी तेवढी जपून कापली आणि नव्या मानांवर कलम केली. म्हणून आज नामवंत जुन्या व्हायोलिनच्या पेगबॉक्सपाशी, म्हणजे वेटोळ्याखालच्या खुंट्यांच्या खोबणीपाशी, नीट पाहिलं तर सांध्याची रेघ दिसते. बिनकामाचा भाग राहिला, कामाचा बदलला.

पेगबॉक्सला मात्र असले लाड परवडत नाहीत. आतली पोकळी अरुंद, पटाशी फिरवायला जागा नाही, आणि भिंती उरतात जेमतेम पाच मिलिमीटरच्या. चारही तारांचा ताण खुंट्यांमार्फत त्यांच्यावरच येतो. 'ए' तारेच्या खुंटीपाशी चीर पडणं हे नेहमीचं दुखणं. खुंटी टोकाकडे निमुळती होत जाते, तिचा उतार साधारण तीसास एक; भोकाचा उतार त्याच्याशी जुळला नाही तर खुंटी एकाच भिंतीला धरते आणि दुसरीकडे सैल फिरते. हे लावून झालं तरी लाकूड ओल्या हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं, आणि काल जुळवलेली तार आज सुटलेली असते. मग खुंटी काढा, साबण-खडू लावा, पुन्हा पिळा. तेवढ्यात वेटोळ्याकडे नजर गेलीच, तर डावा डोळा उजव्यापेक्षा खाली दिसतो. तो तसाच राहू द्यायचा.