कर्ण जुळेनात! सहा बाय चारच्या आखणीचा माझा अनुभव

जमिनीवर आयत आखायचा तर खुंट्या ठोकणं, सुतळी ताणणं, फक्की (चुन्याची पूड) मारणं यात सांगण्यासारखं काही नाही. आखणीचं घोडं अडतं ते कर्णांपाशी. माझंही तिथंच अडलं. 6 मीटर बाय 4 मीटरचा आयत, समोरासमोरच्या बाजू अगदी चोख, पण कर्ण एक 7.23 आणि दुसरा 7.19. हवा होता 7.21.

अशा वेळी जो तो सांगतो, "लांब कर्णाची खुंटी घ्या जरा आत." या सल्ल्याची मला अजून चीड आहे. ती एकटी खुंटी पावणेपाच सेंटिमीटर आत ढकलली की दोन्ही कर्ण 7.19 होतात, सगळे खूश. समोरची बाजू 5.95 झाली, हे कोणी मोजतच नाही. तो आयत नव्हे, समलंब चौकोन. त्यातही कर्ण सारखे येऊ शकतात! म्हणून आधी समोरासमोरच्या बाजू, मग कर्ण. नुसते कर्ण जुळले म्हणून हुरळायचं नाही.

खरा उपाय असा: पहिली 6 मीटरची बाजू पक्की, तिला हात लावायचा नाही. समोरच्या दोन्ही खुंट्या त्यांच्याच बाजूच्या रेषेत, एकाच दिशेला, सारख्याच सरकवायच्या. लांब कर्ण कमी होईल त्या दिशेला. किती? कर्णांतल्या फरकाला कर्णाने गुणा आणि सरकणाऱ्या बाजूच्या दुपटीने भागा. 4 गुणिले 7.21 भागिले 12, म्हणजे 2.4 सेंटिमीटर. फरक 4 चा म्हणून पूर्ण 4 सरकवलं, तर दुसरा कर्ण अडीच सेंटिमीटरहून जास्त लांब होतो आणि खेळ उलटा सुरू. चौरसात हिशेब सोपा, फरकाच्या साधारण 0.7 पट सरकवा. सरकवून झालं की बाजू पुन्हा मोजायच्याच.

चौरसाचं निघालंच आहे तर, चारही बाजू सारख्या आल्या म्हणून चौरस होत नाही. कर्ण वेगळे असतील तर तो तिरका समभुज चौकोन.

पहिला कोपरा 3-4-5 ने काढा (एका बाजूवर 3 मीटर, दुसरीवर 4, त्यांची टोकं जोडणारं अंतर 5 आलं की काटकोन), गुण्याने, म्हणजे काटकोनी पट्टीने, नको. 30 सेंटिमीटरच्या गुण्यात अर्धा मिलिमीटर फरक असला तरी 6 मीटरवर तो 1 सेंटिमीटर होतो. खुंटीच्या डोक्यात खिळा मारून खिळ्याच्या मध्यापासूनच मोजा. खुंटीची जाडी एकदा आतून, एकदा बाहेरून धरली की गोंधळ ठरलेला. टेपची कडी ढिली असेल तर 10 सेंटिमीटरच्या खुणेपासून मोजून 10 वजा करा.

आणि जमीन उताराची असेल तर टेप जमिनीवर टाकू नका. आडवा, पातळीत धरा आणि वरचं माप ओळंब्याने खाली उतरवा. 6 मीटरमागे अर्धा मीटर उतार असला, तर जमिनीवरून घेतलेलं माप 2 सेंटिमीटरने फसवतं, आणि मग कर्ण जुळेनासे होऊ शकतात.