फ्लाय फिशिंगच्या कथा : चौथ्या महिन्याची नोंद

हेमिंग्वेची ‘बिग टू-हार्टेड रिव्हर’ तिसऱ्यांदा वाचून झाली. पहिल्यांदा संपली तेव्हा वाटलं, घडलं काय? निक ॲडम्स एकटाच नदीवर जातो, तंबू ठोकतो, ट्राउट मासे धरतो, बस. १९२५ सालच्या या कथेत युद्धाबद्दल अवाक्षर नाही, तरी ती युद्धावरून परतलेल्या माणसाचीच आहे, हे दुसऱ्या वाचनात उमगलं.

तिसऱ्या वेळी मुडावदला मामांकडे होतो, पांझरा तापीला मिळते तिथे. मामांनी जन्मभर तापीत गळ टाकलाय. त्यांना कथेतल्या दोन जागा सांगितल्या. निक सकाळी दवानं गारठलेले नाकतोडे धरून बाटलीत भरतो, कारण ऊन चढलं की ते उड्या मारतात. मामांनी नुसती मान डोलावली. मग लहान ट्राउट सोडतानाचा प्रसंग सांगितला. निक आधी हात ओला करतो. कोरड्या हातानं माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे पांढरी बुरशी धरते. मामा ताठ बसले. “हाऊ लिखनारा पाणीमा उतरेल शे!”

(निक जिवंत नाकतोडा लावतो. काठी फ्लायची असली, तरी फ्लाय म्हणजे खरं तर गळावर पिसं नि दोरा बांधून केलेला खोटा किडा.)

सध्या नॉर्मन मॅक्लीन वाचतोय. ‘अ रिव्हर रन्स थ्रू इट’ १९७६ साली आलं, तेव्हा तो ७३ वर्षांचा होता. मोंटानातली ब्लॅकफूट नदी, पाद्री बाप, दोन मुलगे. बाप मेट्रोनोम (टिकटिक करून ताल देणारं यंत्र) लावून चार मात्रांत फेक शिकवतो; काठी घड्याळातल्या दहा आणि दोन यांच्या मधेच फिरली पाहिजे. या पानांवर मी आठवडाभर अडकलो. खोट्या किड्याला वजन नसतं, मग तो इतका लांब जातो कसा?

शेवटी मामांच्या खळ्यात बांबूच्या काठीला जाड सुती दोरी बांधली, टोकाला लोकरीचा झुपका. पहिले दोन दिवस दोरी नुसती आसुडासारखी कडाडत होती. मी पुढे झटका फार लवकर देत होतो. वजन असतं ते दोरीला! ती मागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं, मगच काठी पुढे आणायची. मामा खाटेच्या माच्यावर बोटांनी एक-दोन-तीन-चार वाजवत बसले. चौथ्या संध्याकाळी दोरी डोक्यावरून सरळ गेली आणि झुपका धुळीवर अलगद टेकला. त्याच रात्री, धाकटा मुलगा पॉल खडकावर उभा राहून पाण्याला न टेकवता दोरी खेळवतो, तो उतारा पुन्हा काढला. या वेळी वाचताना माझा खांदा आपोआप हलत होता. इतकं सुंदर वाचन मी फार दिवसांत केलेलं नाही.

पुढे डेव्हिड जेम्स डंकनची ‘द रिव्हर व्हाय’ घेणार आहे. मॅक्लीनची शेवटची पानं मात्र मुद्दाम राखून ठेवलीत. पांझरेला पाणी आलं की ती संगमावर बसून वाचायची, मामांना सोबत घेऊन.