उत्तर येईपर्यंतचा वेळ

आनंददायी शिक्षणाचा विषय निघाला की गाणी, खेळ, रंगीत तक्ते यांची यादी होते. मलाही ते आवडतं. पण मी सहावी-सातवीला गणित शिकवते, आणि वर्ग सगळ्यात जास्त खुललेला पाहिलाय तो कुणाचं तरी म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं गेलं तेव्हा.

मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात वर्गातल्या संवादाच्या ध्वनिफिती तपासल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम १ सेकंद थांबतात, मग स्वतःच उत्तर सांगतात किंवा दुसऱ्या मुलाकडे वळतात, असं त्यांना दिसलं. हाच वेळ ३ सेकंदांवर नेला तर मुलांची उत्तरं लांबतात, गप्प बसणारी मुलं बोलू लागतात, 'माहीत नाही' कमी होतं. मूल बोलून झाल्यावरही असंच थांबायला हवं, हे त्यांचं म्हणणं मला जास्त मोलाचं वाटतं. आपण लगेच 'शाबास' म्हटलं की मुलाचा विचार तिथंच संपतो.

एकदा फळ्यावर विषम संख्यांची बेरीज लिहीत होते. १, मग १+३=४, मग १+३+५=९. 'काय दिसतंय?' असं विचारून मी खडू खाली ठेवला. पुढच्या बाकांवरचे हात वर आले, ते मी नजरेनंच थांबवले. खिडकीजवळ एक मुलगी बसते, फारशी बोलत नाही. ती वहीत ठिपके काढत होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "बाई, चौकोन होतोय." मी काहीच बोलले नाही. मग तीच पुढं म्हणाली, "आहे त्या चौकोनाच्या दोन बाजूंना ठिपके लावायचे आणि कोपऱ्यात एक. म्हणून दर वेळी दोननं जास्त लागतात." खरं तर ही सिद्धताच होती! शेजारची तिची वही ओढून बघायला लागली, मागून कुणीतरी विचारलं, "सम संख्या घेतल्या तर?" आणि २, ६, १२, २० असे आयत वह्यांमध्ये उभे राहू लागले. त्या तासाला मला पुस्तक उघडावंच लागलं नाही.

नेल नॉडिंग्ज आधी शाळेत गणित शिकवायच्या, पुढं तत्त्वज्ञ म्हणून नावाजल्या. काळजी हे दोन माणसांमधलं नातं आहे, आणि समोरच्यानं ती ओळखली, स्वीकारली तरच ती पुरी होते, असं त्यांनी १९८४मध्ये मांडलं. वह्या तपासताना हे मला सारखं आठवतं. तांबड्या शाईतलं 'लक्ष दे' आपण काळजीपोटीच लिहितो, मुलाला मात्र ते रागावणं वाटतं. 'तिसऱ्या पायरीपर्यंत तुझा विचार बरोबर आहे, तिथून मला सांगशील का?' असं लिहिलं की मूल वही घेऊन स्वतःहून येतं. कधी गणित सांगता सांगता घरचंही सांगून जातं. घरी आजारपण असेल तर ते मला बहुतेक असंच कळतं. अशा वेळी सल्ला द्यायची घाई मी करत नाही. ऐकते, आणि दुसऱ्या दिवशी आठवणीनं विचारते.

भरलेल्या वर्गात प्रत्येकासाठी कुठून थांबणार, असं सहकारी विचारतात. प्रश्न रास्त आहे. एका तासाला सगळ्यांसाठी थांबता येत नाही. मी हजेरी घेतानाच दोन-तीन नावं मनाशी धरते, आणि त्या दिवशी त्यांचं बोलणं तोडायचं नाही एवढं सांभाळते. पण सगळंच शिक्षकाच्या अंगावर टाकून चालणार नाही. अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी प्रत्येक घटकामागे एक तास मोकळा ठेवावा, नव्या धड्याशिवायचा, फक्त मुलांच्या प्रश्नांसाठी. हे मी बैठकांमध्ये मांडत आले आहे, पुढंही मांडणार आहे.