फारशी दारू न पिणारा माणूस डिस्टिलरीत काय करतो?

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात लुईव्हिलला राहायला आल्यापासून गावाकडचे नातेवाईक आणि इथले मित्र मला एकच प्रश्न विचारतात: तुम्ही स्वतः फारशी दारू पीत नाही, मग घरी पाहुणे आले की त्यांना डिस्टिलरी दाखवायला कशाला नेता? तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो, मी तिथे मका बघायला जातो.

आमचे घर सिल्लोड तालुक्यातले, मक्याच्या पट्ट्यातले. लुईव्हिलपासून सुमारे ५० किलोमीटरवर शेल्बीव्हिलजवळ जेप्था क्रीड नावाची डिस्टिलरी आहे. ती २०१६ साली एका शेतकरी कुटुंबाने सुरू केली आणि तिथल्या बरबनसाठी, म्हणजे मुख्यतः मक्यापासूनच्या अमेरिकी व्हिस्कीसाठी, ‘ब्लडी बुचर’ हा मक्याचा जुना अमेरिकी वाण पिकवला जातो, ज्याचे दाणे आपल्याकडच्या पिवळ्या मक्यासारखे नसून गडद लाल असतात. बरबन फक्त केंटकीतच होते असा समज आहे, पण कायद्याने ती अमेरिकेत कुठेही करता येते. अट अशी की धान्यात निदान ५१ टक्के मका हवा आणि मद्य आतून जाळलेल्या, कोऱ्या ओकच्या पिंपात मुरायला हवे.

भरडलेला मका शिजवून यीस्ट घातलेल्या टाक्यांजवळ उभे राहिले की आंबिलीसारखा आंबूस वास येतो आणि मला आमच्या स्वयंपाकघराची आठवण होते. ऊर्ध्वपातनातून निघणारे मद्य पाण्यासारखे स्वच्छ असते, त्यात अल्कोहोल ८० टक्क्यांहून अधिक चालत नाही, आणि पिंपात भरताना ते ६२.५ टक्क्यांपर्यंत किंवा त्याखाली आणावे लागते. रंग सगळा लाकडाचा, कारण बरबनमध्ये वरून रंग घालायला परवानगी नाही. ‘स्ट्रेट’ म्हणवून घ्यायचे तर निदान दोन वर्षे थांबावे लागते, आणि त्या काळात केंटकीच्या उन्हाळ्यात पिंपातून दरवर्षी साधारण चार टक्के मद्य उडून जाते, ज्याला इथे ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. माझ्या वडिलांना साठवायला जागा नसल्यामुळे मळणी झाली की मिळेल त्या भावाने मका बाजार समितीत घालावा लागे. शेतकऱ्याने स्वतःचे पीक वर्षानुवर्षे कोठारात ठेवावे, त्यातले थोडे हवेत जाऊ द्यावे आणि तरीही ते परवडावे, हे मला त्या चवीपेक्षा अधिक मादक वाटते.

तरी चवीबद्दलही सांगायला हवे, कारण चाखण्याचे पैसे देऊन मी नुसता बसत नाही. ट्यूलिपच्या आकाराच्या छोट्या पेल्यात घोटभर मद्य देतात. पेला नाकाशी नेताना तोंड किंचित उघडे ठेवावे, म्हणजे अल्कोहोल झोंबत नाही. पहिला घोट जिभेला सरावण्यासाठीच समजावा. दुसऱ्यात मक्याचा गोडवा कळतो आणि मागून व्हॅनिला येतो, जो कुठल्याही बाटलीतून घातलेला नसून जाळलेल्या ओकमधल्या लिग्निन या लाकडाच्या घटकापासून तयार झालेला असतो. मक्याच्या जोडीला राय हे गव्हासारखे धान्य अधिक असेल तर मिरीसारखा तिखटपणा लागतो, गहू असेल तर चव मऊ होते. पाण्याचे दोन थेंब टाकून पाहावेत. गंध मोकळा होतो, आणि त्यात कुणी कमीपणा मानत नाही.

माझ्या चुलत्यांना, अण्णांना, मी मागच्या वर्षी तिथे नेले. भारतात व्हिस्की म्हणून विकली जाणारी स्वस्त दारू बरीचशी मळीच्या अल्कोहोलपासून बनते हे त्यांना उसाच्या भागातल्या सोयऱ्यांकडून ठाऊक होते, त्यामुळे धान्यापासूनची दारू काय वेगळी, हे बघायचे होते. त्यांनी पहिला पेला हुंगला, तोंड वाकडे केले आणि माझ्याकडे सरकवला. नंतर मात्र काउंटरवर ठेवलेले लाल कणीस उचलून, त्यातला एक दाणा दाताखाली फोडून, एकरी उतारा किती हे विचारायला त्यांनी मला दुभाषा केले. परतीची गाडी बायकोने चालवली, कारण तो सरकवलेला पेला शेवटी मीच संपवला होता.