कोकणकडा घरच्या प्रिंटरवर: शार्पनिंग कागद बघून ठरवताना

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचा फोटो छापायला अवघड. बेसॉल्टचा काळपट करडा दगड, त्यात लाव्हाच्या थरांच्या आडव्या रेघा, कपारींत गवताच्या काड्या आणि या सगळ्याला लागून मऊ ढग. दगडाला जेवढं शार्पनिंग (काठ धारदार करणं) मानवतं तेवढं ढगांना अजिबात मानवत नाही. शिवाय दगड करडा असल्यामुळे छपाईत जराशी गुलाबी झाक आली तरी लगेच डोळ्यांत भरते. हा फोटो सहा शाईंच्या इंक टँक प्रिंटरवर, ए४ आकारात, एकदा लस्टर (किंचित चमकदार) आणि एकदा मॅट (बिनचमकीच्या) कागदावर काढला. मनासारखा प्रिंट हाती यायला सहा कागद गेले. त्यातले चार वाचले असते, म्हणून आकड्यांसकट लिहितो आहे.

आधी आकार ठरवायचा, छपाईसाठीचं शार्पनिंग सगळ्यात शेवटी. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे फाइल ६००० × ४००० पिक्सेलची, प्रमाण ३:२. ए४ कागद २९७ × २१० मिमी, त्याचं प्रमाण वेगळं. पूर्ण कागद भरायचा तर फोटोची एक बाजू कापावी लागते. त्याऐवजी २७ × १८ सेंमीचा फोटो आणि भोवती साधारण दीड सेंटिमीटर पांढरी कड ठेवली. बॉर्डरलेस छपाई मी टाळतो. त्यात ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा प्रोग्राम) फोटो थोडा ताणून कडेबाहेर नेतो आणि हिशेबाने केलेलं शार्पनिंगही त्यासोबत ताणलं जातं.

२७ सेंमी म्हणजे १०.६३ इंच. एवढ्यात ६००० पिक्सेल बसवले तर इंचाला ५६४ होतात. एप्सनचे ड्रायव्हर ३६० किंवा ७२० पिक्सेल प्रति इंच या हिशेबाने काम करतात, कॅननचे ३०० किंवा ६०० ने. मधला कुठलाही आकडा दिला की ड्रायव्हर स्वतःच फोटोचा आकार बदलतो, आणि तेही आपलं शार्पनिंग झाल्यानंतर. त्यामुळे फाइल आधीच ३६० वर आणली: ३८२७ × २५५१ पिक्सेल. प्रिंटरच्या खोक्यावर ५७६० × १४४० असा जो आकडा छापलेला असतो तो शाईच्या थेंबांचा, फोटोच्या पिक्सेलचा नव्हे. फोटो ५७६० वर नेण्याचा खटाटोप कुणी करू नये.

शार्पनिंग दोन वेळा करायचं, आणि दोन्हींचं काम वेगळं. पहिलं रॉ फाइल (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) उघडताना. लेन्स आणि सेन्सरमुळे आलेला मऊपणा तेवढा काढायचा, बाकी काही नाही. फोटोशॉपच्या कॅमेरा रॉमध्ये सुरुवातीलाच अमाउंट (जोर) ४०, रेडियस (काठाची रुंदी) १.०, डिटेल (बारीक पोतावरचा भर) २५, मास्किंग (सपाट भाग वगळणं) ० असं असतं. दगडाचा पोत बारीक असल्याने रेडियस ०.८ वर आणला, डिटेल ५० वर आणि मास्किंग ६० वर. मास्किंगची पट्टी ऑल्ट दाबून सरकवली की स्क्रीन काळीपांढरी होते. पांढऱ्या भागावर शार्पनिंग लागतं, काळ्यावर नाही. ढग पूर्ण काळे झाले की थांबायचं. हे काम १०० टक्के झूमवर बघावं.

दुसरं शार्पनिंग छपाईसाठी, आणि बहुतेकांचं इथेच चुकतं. शाईचा थेंब कागदात पसरतो. लस्टरच्या लेपावर कमी, मॅटमध्ये जास्त. त्या पसरण्यात जो काठ बोथट होणार, त्याची भरपाई आधीच करून ठेवायची असते. म्हणून छपाईला तयार असलेली फाइल स्क्रीनवर किंचित खरखरीत दिसायला हवी. माझा पहिला प्रिंट मॅटवर होता. १०० टक्के झूमवर सुरेख दिसणारी फाइल जशीच्या तशी पाठवली आणि कागदावर कड्याच्या थरांच्या रेघा पुसल्यासारख्या आल्या. कारण साधं आहे. २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर इंचाला साधारण ९२ पिक्सेल असतात. ३६० ची फाइल त्यावर १०० टक्के झूमला छापील आकाराच्या जवळपास चौपट मोठी दिसते. प्रिंटचा अंदाज घ्यायचा तर २५ ते ५० टक्क्यांवर बघायचं, आणि तोही फक्त अंदाजच.

अनशार्प मास्क या फोटोशॉपच्या शार्पनिंग फिल्टरच्या रेडियससाठी मी एकच हिशेब धरतो: पिक्सेल प्रति इंच भागिले २००. ३६० ला १.८, ३०० ला १.५. १.८ पिक्सेल म्हणजे कागदावर सुमारे ०.१३ मिमी. हातात धरून बघायच्या प्रिंटमध्ये एवढी कड वेगळी कळत नाही, पण काठ धारदार वाटतो. अमाउंट मात्र हिशेबाने सापडत नाही, ती कागदावरच तपासावी लागते. त्यासाठी एकाच ए४ वर नऊ तुकडे छापले. कड्याची धार, दगड आणि ढग तिन्ही असलेला ६ × ८ सेंमीचा तुकडा घेतला, तो ८५० × ११३४ पिक्सेलचा होतो. आडवे तीन रेडियस १.०, १.८ आणि ३.०. उभ्या तीन अमाउंट ८०, १२० आणि १८० टक्के. प्रत्येकाखाली आकडे बारीक अक्षरांत लिहिले, नाहीतर वाळल्यावर कुठला कोणता ते सांगता येत नाही.

लस्टरवर १.८ आणि १२० सरस ठरलं. मॅटवर १.८ आणि १८०. रेडियस ३.० ला दोन्ही कागदांवर गवताच्या काड्या जाड झाल्या आणि आकाशाला लागलेल्या धारेवर पांढरी रेघ उमटली. रेडियस १.० मॅटवर दिसलाच नाही. हे आकडे माझ्या प्रिंटर-कागदाच्या जोडीचे आहेत. तुमची जोडी वेगळी असेल तर ही नऊ तुकड्यांची पट्टी एकदा काढाच. गिंपमध्येही अनशार्प मास्क आहे, पण त्यात अमाउंट दशांशात असते, त्यामुळे फोटोशॉपचे आकडे तसेच उचलू नयेत.

पांढरी रेघ काळ्या रेघेपेक्षा डोळ्याला जास्त टोचते. त्यावरचा उपाय असा: शार्पनिंग थेट फोटोवर करायचं नाही. फोटोच्या लेयरच्या दोन प्रती करायच्या आणि दोन्हींना तेच शार्पनिंग द्यायचं. एकीचा ब्लेंड मोड (खालच्या लेयरमध्ये मिसळण्याची पद्धत) डार्कन, ओपॅसिटी (अपारदर्शकता) १००. दुसरीचा लाइटन, ओपॅसिटी ४५ ते ५०. काठाची काळी बाजू पूर्ण राहते, पांढरी निम्म्यावर येते. दोन्ही लेयर एका ग्रुपमध्ये घालून त्या ग्रुपला मास्क (काळा केलेला भाग झाकणारा पडदा) द्यायचा आणि ढगांवर मऊ ब्रशने काळा फिरवायचा. थ्रेशोल्ड (किती फरकापासून शार्पनिंग लागावं ती मर्यादा) ३ ठेवूनही ढगांत रव्यासारखे दाणे आले होते, ते मास्कनेच गेले. थ्रेशोल्ड त्याहून वाढवला तर दगडाचा पोत ठिपक्या-ठिपक्यांनी गायब होतो. ढगांसाठी थ्रेशोल्डच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

रंग आणि उजेडाबद्दल थोडक्यात. प्रिंट काळपट येतात ते बहुतेक वेळा मॉनिटर फार उजळ ठेवल्यामुळे. कॅलिब्रेटर असेल तर पांढरा रंग डी६५, गॅमा २.२ आणि उजेड १०० कँडेला प्रति चौरस मीटरच्या आसपास ठेवावा. नसेल तर स्क्रीनवर कोरी पांढरी फाइल उघडून शेजारी खोलीच्या उजेडात कोरा कागद धरावा आणि दोन्ही सारखे वाटेपर्यंत ब्राइटनेस उतरवावा. मग कागदाचा आयसीसी प्रोफाइल (त्या प्रिंटर-कागदावर रंग कसे येतात ते सांगणारी फाइल) घालून सॉफ्ट प्रूफ, म्हणजे स्क्रीनवरच छपाईचा अंदाज, बघायचं. मॅटचा काळा लस्टरइतका खोल जात नाही, त्यामुळे कड्याच्या सावलीतले थर एकमेकांत मिसळतात. कर्व्हने (उजेड कमीजास्त करणाऱ्या साधनाने) सावल्या किंचित उचलल्यावर ते सुटे झाले. हे शार्पनिंगच्या आधी करायचं, कारण सावल्या उचलल्या की तिथला नॉइजही (दाणेदारपणा) वर येतो.

तिसऱ्या प्रिंटला अख्खा कडा गुलाबी आला. रंगांचं रूपांतर दोनदा झालं होतं: एकदा फोटोशॉपने केलं, त्यावर पुन्हा ड्रायव्हरने. छपाईच्या खिडकीत ‘फोटोशॉप मॅनेजेस कलर्स’ निवडून प्रोफाइल दिला असेल, तर ड्रायव्हरमध्ये ‘नो कलर अ‍ॅडजस्टमेंट’ हवंच. तिथेच कागदाचा प्रकारही प्रोफाइलसोबतच्या सूचनेत दिलेला असतो तोच निवडायचा, कारण किती शाई सोडायची हे ड्रायव्हर त्यावरून ठरवतो. चुकीचा प्रकार निवडला की शाई साचते, काठ फुगतात, आणि आपण उगाच शार्पनिंगला दोष देत बसतो. हायस्पीड किंवा बायडायरेक्शनल छपाई बंद ठेवावी. दोन्ही दिशांनी छापताना थेंबांची जुळणी जराशी जरी हलली तरी बारीक रेघा दुहेरी येतात.

छापण्याआधी नोझल चेक (शाईची सगळी छिद्रं चालू आहेत का ते बघणं) न चुकता करतो. एक नोझल बंद असलं तरी ढगांत आडवी पट्टी दिसते. पावसाळ्यात कागद पाकिटातून काढून उघडा ठेवला की दमट हवेने वाकतो आणि हेड कडेला घासून काळा डाग पाडतं. न वापरलेला कागद सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद पिशवीत सपाट ठेवायचा आणि हवा तेवढाच, छापायच्या वेळी काढायचा.

प्रिंट बाहेर आल्याबरोबर रंगाचा निकाल लावू नये, शाई वाळताना तो थोडा बदलतो. निदान २४ तास तो सपाट, वर साधा कागद ठेवून वाळू द्यावा. त्याआधी काचेच्या फ्रेममध्ये घातला तर शाईतली वाफ काचेच्या आतून धुक्यासारखी धरते. फ्रेममध्ये पुठ्ठ्याचा माउंटही घालावा, म्हणजे प्रिंट आणि काच यांच्यात फट राहते आणि दमट महिन्यांत लस्टरचा लेप काचेला चिकटत नाही.